कात्रीची नात

तासबाई डूख धरणारी बाई होती, आणि तिला त्याची मुळीच लाज वाटत नसे. रांगेत कुणी पुढे घुसलं तर त्याचा चेहरा ती दहा वर्षं ध्यानात ठेवी. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने एकदा न विचारता तिचं पायपुसणं जिन्यातून उचललं, तर त्या शेजारणीच्या मुलीच्या लग्नाला ती गेली नाही. "अगं, सोडून दे," असं कुणी म्हटलं की ती शांतपणे म्हणे, "तुमचं तुम्ही सोडा. माझं मी बघते." नवरा होता तोवर तो हसून म्हणायचा की हिच्याशी भांडणाऱ्याने दीर्घायुषी असावं, कारण ही उट्टं काढते, पण सावकाश.

असल्या कडू बाईच्या हाती लोक आपली तान्ही पोरं बिनघोर देत, कारण पोरांच्या बाबतीत तिचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. ती तासांवर मुलं सांभाळायची, म्हणून तासबाई. तिचं पाळणाघर नव्हतं, आणि दिवसभराची दाई म्हणूनही ती कुणाकडे राहत नसे. कुणाची आठ दिवस परीक्षा आहे, कुणाला रोज दोन तास आजारी बापाजवळ बसायचंय, कुणाची नोकरी नुकतीच अर्धवेळ सुरू झालीय, अशा फटीत अडकलेल्या आया तिच्याकडे यायच्या. मूल कितीही रडकं असो, तिसऱ्या दिवशी तिच्या कडेवर मुकाट बसलेलं दिसे. तिचं स्वतःचं तोंड मात्र तेव्हाही आंबटच असायचं, आणि मुलांना त्याचं काही वाटत नसे.

या कामाचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण या कामातल्या सगळ्या चांगल्या बायका तो पाळतात. मुलाने पहिल्यांदा काही केलं, म्हणजे पालथं पडलं, रांगलं, धरून उभं राहिलं, आणि ते आपण पाहिलं, तर आईला सांगायचं नाही. दोन-तीन दिवसांत मूल तेच घरी करतं. आई फुलून येते आणि सांगते, मावशी, काल रांगली हो. मग आपण तोंडाचा आ करायचा आणि म्हणायचं, काय सांगता. तासबाईने अठरा वर्षांत हे नाटक शंभरदा तरी केलं होतं, आणि तिच्यासारख्या बाईला ते कसं जमायचं याचं तिलाच नवल वाटे.

एके सकाळी दारात एक तिशी ओलांडलेली मुलगी उभी राहिली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग.

"बाळांच्या दवाखान्यातल्या बाईंनी पाठवलं," ती म्हणाली. "सहा आठवडे हवेत. सकाळी साडेआठ ते साडेबारा. मला माहितीय, असं कुणी घेत नाही."

कुणी घेत नाही हे ती अनुभवाने बोलत होती. पाळणाघराने सांगितलं होतं की वर्षाचं नाव घाला, मग मूल आणा नाहीतर नका आणू. कामवाल्या बायका पुरवणारी संस्था म्हणाली की आमची बाई राहायला येईल, चार तासांसाठी कुणी चप्पल घालत नाही. एक कॉलेजातली मुलगी आली, ती दोन्ही कानांत गाण्याची बोंडं घालून. बाळ रडत होतं आणि ही मान डोलावत होती. दुसऱ्या दिवशी ती आपणहूनच आली नाही, तेवढंच बरं झालं.

तासबाईने सकाळची वेळ स्वतःच्या गुडघ्यांसाठी राखून ठेवली होती. व्यायाम, शेक, मग चहा. नाही म्हणायला तिने तोंड उघडलंच होतं, पण मुलगी बोलतच राहिली.

"चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते मी. नवरा पुलाच्या कामावर बाहेरगावी आहे, तो सहा आठवड्यांनी सुट्टीवर येईल. इतके दिवस आईच सांभाळायची हो. पण ती स्टुलावरून पडली. पाय आणि उजवं मनगट, दोन्ही प्लास्टरमध्ये."

"या वयात स्टुलावर कशाला चढायचं?"

"पडद्याची शिवण उसवलेली दिसली. तिला बघवत नाही. रुग्णालयाचं शिवणखातं होतं ना तिच्याकडे, नदीपलीकडच्या, आता बंद झालंय ते. अजून गळ्यात कात्री अडकवून फिरते घरात."

तासबाईचा दारावरचा हात तिथेच राहिला. तिने त्या मुलीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. रुंद कपाळ, डाव्या भुवईत लहानसा खंड. सात वर्षांची होती तेव्हा ही, शाळा सुटली की आईच्या केबिनमध्ये बसून गणितं सोडवायची.

"उद्या येते," तासबाई म्हणाली. गुडघ्यांचा विचार तिने पुन्हा केला नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या शिवणखात्यात बावीस मशिनी होत्या आणि बावीस बायका. चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे. वर एक केबिन, काचेची, आणि काचेमागे ती बाई. नाव होतं तिला, पण सगळ्या तिला कात्रीच म्हणत. गळ्यातल्या दोरीला कात्री लटकायची आणि ती चालत आली की आधी तिची खणखण ऐकू यायची. दोरा लांब सोडलेला दिसला की कच्. बोलणं लांबलेलं दिसलं की तेही कच्.

तासबाई तेव्हा तासबाई नव्हती. सत्तावीस वर्षांची, दोन वेण्यांची, पाच महिन्यांचं पोर पदरी असलेली शिवणकामगार होती. पोराला सांभाळणारी शेजारीण आजारी पडली, आणि पंधरा दिवसांचा प्रश्न उभा राहिला. पंधराच दिवस, तेही अर्धा दिवस, कारण दुपारनंतर नवरा पाळी संपवून घरी यायचा. तिने अख्खा भाग पालथा घातला. कुणी मिळालं नाही. मग तिने पोराला धुवायच्या चादरींच्या मोठ्या टोपलीत घातलं आणि कामावर आणलं.

बाकीच्या एकवीस जणींनी न बोलता एक पद्धत पाडून घेतली. पोर रडलं की सगळ्या मशिनी एकदम सुरू. एकवीस मशिनींच्या घरघरीत रडणं बुडून जायचं, तोवर ही टोपलीशी वाकून त्याला पाजायची. पोरालाही त्या आवाजाची सवय झाली, आवाज सुरू झाला की ते गप्प व्हायचं. नऊ दिवस हे बिनबोभाट चाललं. दहाव्या दिवशी पोर चहाच्या सुट्टीत रडलं आणि सवयीने एकवीसही जणी मशिनीवर बसल्या. ज्या बायकांना सुट्टी संपल्यावर उठवायला घंटा तीनदा वाजवावी लागायची, त्या चहा टाकून शिवताहेत हे पाहिल्यावर कात्रीला काय कळायचं ते कळलं. ती खाली आली, सरळ टोपलीपाशी गेली आणि वरची चादर उचलली.

"उद्या एकतर तू ये, नाहीतर हा," ती म्हणाली. "दोघं नाही."

"पाच दिवसांचा प्रश्न आहे, बाई. अर्धा दिवस सुट्टी द्या. नाहीतर कोपऱ्यात राहू द्या."

"हे रुग्णालयाचं कापड आहे. पाळणा नाही."

वर काचेमागे तिची स्वतःची मुलगी गणितं सोडवत बसली होती. ते तासबाईने पाहिलं आणि ते तिच्या मनात जे रुतलं ते कायमचं.

पोर सासूकडे गेलं, बसने दोन तासांवरच्या गावी. पाच दिवसांसाठी म्हणून गेलं. मग शेजारीण बरी झालीच नाही, मग हिवाळा आला, मग सासू म्हणाली की आता लागलाय इथे तर राहू दे. सव्वा वर्षाचा झाला तेव्हा ती त्याला आणायला गेली, पण तो आला नाही. दिवसभर रडला, असं ती नंतर सगळ्यांना सांगायची, कुणाचं ऐकेना, मग काय करणार. सात वर्षांचा होईपर्यंत तो तिथेच वाढला. आता तो सव्वीस वर्षांचा आहे, चांगला आहे, दोन महिन्यांतून एकदा येतो, फळं आणतो, खुर्चीच्या कडेवर बसतो आणि तिला अहो-जाहो करतो. आजी गेली तेव्हा तो लहान मुलासारखा रडला होता. तासबाईने ते रडणं कोरड्या डोळ्यांनी पाहिलं आणि मनात म्हणाली, कात्रीबाई, हे तुझं काम.

तर आता कात्रीची नात तिच्या हातात येणार होती. आठ महिन्यांची, सगळे तिला गोटी म्हणत. सकाळचे चार तास, सहा आठवडे. आणि कात्री स्वतः पलंगावर, एक पाय आणि एक हात पांढऱ्या प्लास्टरमध्ये, हलता येत नाही, फक्त बघता येतं. तासबाईला वाटलं, देव आहे.

पहिल्या दिवशी कात्रीने तिला खालून वर न्याहाळलं. ही ओळखणार असं तासबाईला वाटलं, पण ते उगाच. दोन वेण्या केव्हाच गेल्या होत्या, जाड भिंगांचा चष्मा आला होता, अंग दुप्पट झालं होतं.

"हात धुतलेत का?" कात्री म्हणाली.

"धुतले, आजी."

"साबणाने?"

"साबणाने."

"बाहीचा दोरा लोंबतोय तुमचा."

तासबाईने दोरा दातांनी तोडला आणि खिशात घातला. थांब, म्हणाली मनात.

तिचा बेत साधा होता. या घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीचा एकुलता एक विरंगुळा म्हणजे ही नात. ती नात म्हातारीला परकी करायची. तासबाईच्या मुलाच्या बाबतीत जे झालं, तेच व्हायला हवं होतं. म्हातारीने हात पुढे करावेत आणि पोरीने पाठ फिरवावी. बस, एवढंच. मारायचं नाही, घाबरवायचं नाही, प्लास्टरचा बागुलबुवाही दाखवायचा नाही. मुलाला भीती घालणाऱ्या बाया तिला किळसवाण्या वाटत. पण मूल आपल्याकडे ओढून घेणं हे तर तिचं कामच होतं. ते जरा मन लावून केलं तर कुणाच्या बापाचं काय जातं?

आणि तिने ते मन लावून केलं. रोज तोच निळा एप्रन, तोच साबण, तीच गुणगुण. शिजवून कुस्करलेलं गाजर तिच्याच हातून, तेही म्हातारीकडे पाठ करून. गोटी पलंगाच्या दिशेने रांगायला लागली की तासबाई दुसऱ्या टोकाला वाटीत चमचा वाजवी. पोरगी थांबे, वळे आणि टप टप टप करत तिच्याकडे येई. म्हातारी डाव्या हाताने चुटक्या वाजवायची, "गोटे, इकडे बघ, ए गोटे," म्हणायची, आणि नेमकी तेव्हाच तासबाई पोरीला उचलून खिडकीशी न्यायची. "बघ गं, गाडी आली." कुठलीही गाडी आलेली नसायची.

"जरा इथे पलंगावर बसवा ना तिला," म्हातारी एकदा म्हणाली.

"लाथा मारते, आजी. तुमच्या पायाला लागलं तर ताई मला विचारतील."

 दहाव्या दिवसापर्यंत तिने चुटक्या वाजवणं कमी केलं. वीस दिवसांनी बंदच केलं. नुसती बघत पडायची. तासबाई हे सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपत होती. घरी जाताना तिची पावलं हलकी पडायची आणि गुडघेही दुखायचे नाहीत. आयुष्यात इतक्या चांगल्या सकाळी तिला क्वचितच मिळाल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यात गोटी खुर्ची धरून उभी राहिली. गुडघे थरथरताहेत, तोंड उघडं, जगाचं राज्य मिळाल्यासारखी. साडेबाराला म्हातारीची लेक आली, चपला काढते आहे तोच तासबाई पलंगाजवळ उभी राहून मोठ्याने म्हणाली, "ताई, आज उभी राहिली हो. पहिल्यांदा. मी नुसतं बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिने नियम मोडला. लेक चप्पल हातात घेऊन तशीच थांबली. "हो का," म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न करत आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ सुरू राहिला. तासबाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती बघत होती म्हातारीकडे. म्हातारीची हनुवटी किंचित हलली. लेकीचं दुःख पलंगावरून बघावं लागतंय आणि उठून जवळ जाता येत नाहीये, हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. वर काचेमागून बघायचीस ना, तासबाई मनात म्हणाली, आता इथून बघ.

मग तिला चटकच लागली. पहिली टाळी सांगितली. खालचा दुसरा दात सांगितला. "मा" म्हणाली, तेही सांगितलं, आणि कुणाकडे बघून म्हणाली तेही. लेक रोज थोडी लवकर घरी येऊ लागली, धापा टाकत, पण कामावरून फार लवकर सुटता येत नसे. एकदा ती म्हणाली, "मावशी, माझं चुकतंय का? नोकरी सोडू का मी?" तासबाईला त्या क्षणी कुठेतरी टोचलं. पण पलंगावरून म्हातारी म्हणाली, "नोकरी सोडायची नाही," अगदी त्याच जुन्या आवाजात, कच्. मग टोचणं गेलं आणि डूख पुन्हा जागेवर आला.

शेवटच्या आठवड्यात म्हातारीचं प्लास्टर कापलं. पाय वाळून काठीसारखा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं की काठी घेऊन घरात फिरा, बाळ उचलू नका, बसून मांडीवर घ्यायला हरकत नाही. जावई शनिवारी पोचणार होता. शुक्रवार हा तासबाईचा शेवटचा दिवस.

त्या शुक्रवारी साडेबारा वाजले तरी लेक आली नाही. मग फोन आला. "मावशी, एका पेशंटमुळे अडकले हो. पंधरा-वीस मिनिटांत पोचते. गोटीला आईच्या मांडीवर देऊन तुम्ही निघा, तुम्हाला पुढच्या घरी उशीर नको."

इतकं सोपं होईल असं तासबाईलाही वाटलं नव्हतं. म्हातारी आरामखुर्चीत बसली होती. पायांवर घडी घातलेली चादर, केस विंचरलेले. आज नात मांडीवर येणार म्हणून तिने सकाळपासून तयारी केली होती, हे कुणीही सांगितलं असतं. गळ्यातली कात्रीसुद्धा काढून टेबलावर ठेवली होती, पोरीला टोचू नये म्हणून.

"द्या इकडे," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पुढे केले. उजवा अजून पुरता सरळ होत नव्हता.

गोटीने त्या हातांकडे पाहिलं, मान फिरवली आणि तासबाईच्या मानेत तोंड खुपसलं. चिमुकल्या मुठीत एप्रनची पट्टी घट्ट धरली.

सहा आठवडे ज्या क्षणाची ती वाट बघत होती, सहा आठवडे कसले, सव्वीस वर्षं, तो क्षण असा भर दुपारी, बिनआवाजी आला. म्हातारीचे हात तसेच हवेत राहिले. तासबाईने तिला ते पुरेपूर तसेच धरून ठेवू दिले.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत, आजी," मग ती म्हणाली. "मी तुमच्याच शिवणखात्यातली. माझं पोर टोपलीत सापडलं होतं तुम्हाला. पाच महिन्यांचं."

म्हातारीने हात खाली घेतले. तिच्याकडे नीट पाहिलं, कपाळाला आठ्या घालून, मनापासून आठवायचा प्रयत्न करत. "आठवत नाही," ती म्हणाली. "पोरं पुष्कळ जणी आणायच्या. कपाटात, टोपलीत. एकीने तर इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवलं होतं. सगळ्यांना नाहीच म्हणावं लागे. एकीला हो म्हटलं असतं तर खातं बंद झालं असतं, आणि बावीस जणी घरी बसल्या असत्या."

"तुमची मुलगी बसायची केबिनमध्ये."

"बसायची. ते चूकच होतं माझं." तिने ते अगदी सरळ सांगून टाकलं. लगेच तिनेच विचारलं, "मग? काय केलंस पोराचं?"

"सासूकडे पाठवलं. गेला तो गेलाच."

"म्हणजे? परत आणलं नाहीस?"

"आणायला गेले होते. आला नाही तो. रडला."

"रडणारच," म्हातारी म्हणाली. "लहान मूल ते."

तासबाईला संताप आला. सव्वीस वर्षं वागवलेली गोष्ट या बाईला आठवतही नव्हती, आणि वर ती असं बोलत होती, जणू काय शिवणीत एक टाका चुकला आहे. तिने गोटीच्या मुठीतून एप्रनची पट्टी सोडवली, एकेक बोट उकलून, पोरीला म्हातारीच्या मांडीवर ठेवलं, वरून चादर नीट केली आणि पिशवी उचलली. गोटीने आधी श्वास घेतला, मग किंकाळी फोडली. दार लावताना तासबाईने मागे वळून पाहिलं. पोरगी दोन्ही हात तिच्याकडे करून, लालबुंद होऊन, मागे उलथी होत होती आणि म्हातारी तिला कशीबशी आवळून धरत होती.

ती तीन मजले उतरली. रडणं तिच्याबरोबर खालपर्यंत आलं. खाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती बसली, कारण तिला हे पुरतं ऐकायचं होतं. लेक येईल, दारातूनच ऐकेल, वर धावेल, आणि आईच्या मांडीवर किंचाळणारी पोर बघेल. आज दिवसभर रडेल ती. उद्याही रडेल. बाप आला तरी रडेल. तासबाईने भिंतीला डोकं टेकवलं. बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटत होतं.

वरून मधूनच म्हातारीचा आवाज येत होता. ती गात नव्हती, लाडही करत नव्हती. नुसतं एकसुरी काहीतरी म्हणत होती, घर्रर्र, घर्रर्र, थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. तासबाईच्या लक्षात यायला वेळ लागला. म्हातारी मशीन चालवत होती, तोंडाने.

रडणं वर चढलं, फाटलं, तुटक झालं. मधे मोठे श्वास यायला लागले. मग एक हुंदका, बरीच शांतता, आणखी एक हुंदका. मग काही नाही. तासबाई कान देऊन बसली. पुन्हा सुरू होईल, म्हणाली. झालं नाही. त्याऐवजी वरून बारीक, ओला, खिदळल्याचा आवाज आला, आणि त्यामागून म्हातारीचं खोकल्यासारखं हसणं.

तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पाव तासही झाला नव्हता.

तेवढ्यात फाटकातून लेक आली, घामाने डवरलेली. "मावशी, अजून इथेच? रडली का हो फार?"

"रडली," तासबाई म्हणाली. "थांबली."

"थांबली ना, मग झालं," लेक म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावली.

तासबाईला उठायचं होतं. पुढच्या घरी दीड वाजता जुळी होती. पण ती उठली नाही, कारण एक गोष्ट तिला आता जिन्यात बसूनच पुरी आठवावी लागत होती. आजवर कुणालाच, नवऱ्यालाही, तिने ती खरी सांगितली नव्हती. तिचा मुलगा दिवसभर रडला नव्हता. दिवसभर ती तिथे नव्हतीच. सासूच्या गावी बस वळायची आणि परत निघायची, मधे ती बारा मिनिटं उभी राहायची. ड्रायव्हरला तिने सांगितलं होतं, थांबा, पोराला घेऊन येतेच. सव्वा वर्षाचा तो, तिला पाहून आजीच्या मागे लपला आणि किंचाळला. ही हात पुढे करून उभी राहिली. त्याने पाठ फिरवली. सासू म्हणत होती, अगं बस जरा, चहा घे, उद्या जा, येईल तो. तिकडे बसने भोंगा वाजवला. आणि हिच्या डोक्यात सणक गेली, त्या पोरावर, सव्वा वर्षाच्या पोरावर. नको ना मी, मग राहा, असं त्याच्या तोंडावर म्हणून ती वळली आणि ज्या बसने आली त्याच बसने परत गेली. पुढचे सहा महिने ती तिकडे फिरकली नाही. चिठ्ठी आली तरी गेली नाही. त्याने पाठ फिरवलेली तिच्या चांगली ध्यानात राहिली होती.